गाइडबुक वापरून स्वस्तात, स्वतःची परदेश ट्रिप कशी आखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर कंपनीशिवाय जायचंय, बजेट मर्यादित आहे, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, अशांसाठी हे पान आहे. उदाहरण म्हणून पूर्ण पानभर व्हिएतनामच घेतलाय. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी दोन्हीकडे डायरेक्ट फ्लाइट आहे, साधारण पाच तासांची, व्हिसा ऑनलाइन मिळतो, आणि देश उत्तर-दक्षिण इतका लांबट आहे की रूट चुकला तर पैसे कुठे वाया जातात ते तिथे अगदी स्पष्ट दिसतं. पद्धत एकदा कळली की दुसऱ्या देशालाही तीच लावता येते.

यूट्यूब आणि इन्स्टावर सगळं फुकट आहे, मग पुस्तकावर पैसे का घालायचे?

व्हिडिओत जागा दिसते, दोन जागांमधलं अंतर दिसत नाही. सापा गावाची भातखाचरं तीस सेकंद, हा लाँग बे तीस सेकंद, निन्ह बिन्हची होडी तीस सेकंद, आणि बघणाऱ्याला वाटतं की तिन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत. प्रत्यक्षात सापा हनोईच्या वायव्येला, बसने पाच-सहा तास, हा लाँग पूर्वेला, निन्ह बिन्ह दक्षिणेला, आणि बहुतेक वेळा प्रत्येक ठिकाणाहून परत हनोईत येऊन पुढची गाडी धरावी लागते. गाइडबुकमध्ये प्रत्येक ठिकाणाच्या शेवटी तिथे कसं पोचायचं आणि किती वेळ लागतो ते दिलेलं असतं, त्याच चार ओळींसाठी मी पुस्तक घेते. ट्रिप महाग होते ती मुख्यतः तीन गोष्टींमुळे: चुकीचा सीझन, उलटसुलट रूट आणि खूप उड्या. बाजारात घासाघीस करून शंभर-दोनशे रुपये वाचतात, रूट नीट लावला तर हजारो वाचतात, आणि रूट लावायला अख्खा देश एकाच वेळी नजरेसमोर लागतो. ते काम पुस्तक फार चांगलं करतं.

कोणतं घेऊ?

लोनली प्लॅनेट आणि रफ गाइड ही दोन नावं सगळ्यात जास्त दिसतील, दोन्ही चालतात. नुसते गुळगुळीत फोटो असलेलं घेऊ नका, आत नकाशे आणि वाहतुकीची माहिती किती आहे ते आधी चाळून बघा. एकाच देशाला जायचं असेल तर त्या देशाचंच घ्या, अख्ख्या आग्नेय आशियाचं जाडजूड पुस्तक घेतलंत तर व्हिएतनामच्या वाट्याला त्यात थोडीच पानं येतात. आणि मराठीतली प्रवासवर्णनं जरूर वाचा, जायची ओढ त्यांनीच लागते, पण हनोई स्टेशनवरून निन्ह बिन्हची गाडी कशी धरायची ते त्यात सापडणार नाही, ते त्यांचं कामच नाही.

जुनी आवृत्ती चालेल का? मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर निम्म्याहून कमी किमतीत मिळते.

चालते, फक्त काय शिळं होतं आणि काय होत नाही ते माहीत पाहिजे. पहिली पानं उलटून छपाईचं वर्ष बघा आणि त्याच्या आधी किमान एक वर्ष धरा, कारण लेखक फिरून येतो, मग लिहितो, मग ते छापलं जातं. नवंकोरं पुस्तकसुद्धा हातात पडतं तेव्हा थोडं जुनंच असतं.

भूगोल शिळा होत नाही. पाऊस कधी, थंडी कधी, कुठून कुठे किती अंतर, शहराचा कुठला भाग कसा आहे, देवळात काय घालून जायचं, इतिहास, हे सगळं दहा वर्षं जुन्या पुस्तकातूनही बिनधास्त घ्या.

किमती, हॉटेलं, बसस्टँड, व्हिसाचे नियम मात्र कधीच पुस्तकातून फायनल करायचे नाहीत. व्हिएतनामचंच बघा. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ३० ऐवजी ९० दिवसांपर्यंतचा मिळायला लागला. डिसेंबर २०२४ मध्ये हो ची मिन्ह सिटीत पहिली मेट्रो सुरू झाली, त्याआधीच्या नकाशात ती असणारच नाही. १ जुलै २०२५ ला तर त्यांनी प्रांतांची फेररचना केली, ६३ होते त्याचे ३४ केले, त्यामुळे होई आन जे जुन्या पुस्तकात क्वांग नाम प्रांतात दिसेल ते आता दा नांग शहराच्या हद्दीत येतं. गाव जिथल्या तिथे आहे, पण बुकिंग साइटवर पत्ता वेगळा दिसला की माणूस घाबरतो की आपण भलतंच हॉटेल बुक केलं का! हनोईतली ट्रेन स्ट्रीटही तशीच, रुळाला खेटून असलेले तिथले कॅफे प्रशासन मधूनमधून बंद करत असतं, त्यामुळे पुस्तकात आहे म्हणून आख्खी संध्याकाळ त्यासाठी राखू नका.

पुस्तक हातात आलं, आता कुठून वाचायला सुरुवात करू?

मागून. खरंच सांगते, शेवटची जी रटाळ दिसणारी पानं असतात ना, हवामान, व्हिसा, पैसे, वाहतूक, ती आधी वाचा, आणि मग पुढे येऊन पूर्ण देशाचा नकाशा. टॉप टेन ठिकाणांची रंगीत पानं सगळ्यात शेवटी. ती आधी वाचली की सगळंच हवंसं वाटतं आणि मग यादीतून एकही ठिकाण कापवत नाही.

हवामानाचं पान आपल्यासाठी जास्तच महत्त्वाचं, कारण आपण जातो दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर मे महिन्यात. आता दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मध्य व्हिएतनामात, म्हणजे हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात, नेमके तेच सगळ्यात जास्त पावसाचे महिने. आपला पावसाळा संपला म्हणून आपण निघतो आणि त्यांचा तिथे भरात असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आनमध्ये मोठा पूर आला होता, गल्ल्यांमध्ये पाणी शिरलं होतं. म्हणजे दिवाळीत जाऊच नये असं अजिबात नाही! त्या दिवसांत उत्तरेकडे हवा छान असते, तेव्हा हनोई, निन्ह बिन्ह, हा गियांगचा डोंगराळ भाग एवढंच करा आणि मधला पट्टा पुढच्या वेळेला ठेवा. मे महिन्यात उलटं, मधल्या पट्ट्यात ऊन कडक पण पाऊस कमी आणि समुद्र शांत, तर दक्षिणेत पावसाची सुरुवात. आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेत हा त्यांचा नववर्षाचा सण येतो, आपल्याकडे गणपतीला कोकणात जायच्या गाड्या कशा भरतात तशी सगळी जनता गावी निघते, तिकिटं मिळत नाहीत, दुकानं बंद. ते आठ-दहा दिवस टाळलेलेच बरे.

रूट कसा ठरवायचा?

रिटर्न तिकीट काढायची सवय आधी सोडा. देश उत्तर-दक्षिण साधारण १६५० किलोमीटर लांब आहे. हनोईत उतरून खाली सायगॉनपर्यंत (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) गेलात आणि परतीचं विमान पुन्हा हनोईतूनच असेल, तर एक विमानाचं तिकीट आणि एक अख्खा दिवस नुसता परत यायलाच जातो. हनोईत उतरा आणि हो ची मिन्ह सिटीतून निघा. बजेट एअरलाइन्स एकेरी तिकिटं वेगवेगळी विकतात त्यामुळे असं केल्याने बऱ्याचदा काहीच जास्त पडत नाही, दोन्ही प्रकारे किंमत काढून बघा. सामानाचं वजन मात्र त्याच वेळी मोजा, केबिन बॅग बहुतेक ७ किलोच असते आणि काउंटरवर जाऊन एक्स्ट्रा बॅग घेतली तर तिकिटात वाचवलेलं सगळं तिथे जातं.

मग पुस्तकातला देशाचा नकाशा उघडा, पेन्सिलने फक्त मेन रेल्वेलाइनवरची ठिकाणं गोल करा. हनोई ते सायगॉन ही १७२६ किलोमीटरची लाइन आहे आणि निन्ह बिन्ह, हुए, दा नांग ही तिन्ही त्यावरच येतात. म्हणजे निन्ह बिन्ह बघून परत हनोईला यायची गरजच नाही, तिथूनच रात्रीची गाडी धरून सकाळी हुए, एका रात्रीचं हॉटेलही वाचलं. ही गोष्ट पॅकेजमध्ये सहसा दिसत नाही कारण ते निन्ह बिन्हला हनोईहून एका दिवसात नेऊन परत आणतात.

अकरा रात्री आहेत, किती ठिकाणं बसतील?

चार नीट, पाच ओढूनताणून. हनोई ३, निन्ह बिन्ह २, रात्रीच्या गाडीत १, हुए १, होई आन ३, मग दा नांगहून विमानाने हो ची मिन्ह सिटी आणि शेवटची १ तिथे. यात सापा नाही, हा लाँग नाही, मेकाँग नाही, फु क्वोक नाही, आणि मला माहितीये की घरातलं कुणीतरी म्हणणारच की एवढ्या लांब गेलो आणि हा लाँग नाही केलं? प्रत्येक नवीन ठिकाण म्हणजे एक बस, एक चेक-इन, एक अर्धा दिवस आणि दमल्यामुळे घेतलेली एक महागडी टॅक्सी. दोन ठिकाणं कापली की बजेट आपोआप खाली येतं, कुठेही कंजुषी न करता.

हा लाँगबद्दल माझं स्पष्ट मत आहे. क्रूझवरची एक रात्र हा बऱ्याच जणांच्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा खर्च असतो. चुनखडीचे तसेच सुळके निन्ह बिन्हजवळ त्रांग आनला भातशेतीतून आणि नदीतून वर आलेले आहेत, तिथे वल्हवणाऱ्या बाईच्या होडीत बसून तासन्‌तास गुहांमधून फिरता येतं आणि क्रूझच्या मानाने खर्च काहीच नाही. त्रांग आनसुद्धा युनेस्कोच्या यादीत आहे, २०१४ पासून. समुद्रच हवा असेल तर कॅट बा बेटावर राहून लान हा बेमध्ये दिवसभराची बोट घ्या, शेजारचाच उपसागर आहे आणि गर्दी कमी.

व्हिसा एजंटकडून काढू का स्वतः?

स्वतः. सरकारी साइटवर सिंगल एन्ट्रीचे २५ डॉलर, मल्टिपलचे ५०, रिजेक्ट झाला तरी फी परत नाही. सरकारी साइटचा पत्ता गव्ह डॉट व्हीएन असा संपतो, हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट्स सर्चमध्ये वर येतात आणि बरेच जास्त पैसे घेतात. रूट आधी ठरवा आणि मग फॉर्म भरा, कारण कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते फॉर्ममध्ये विचारतात.

आपल्या लोकांची नेहमीची अडचण नावाची. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. फॉर्ममध्ये मधलं नाव गाळू नका, पासपोर्टवर जसं छापलंय अक्षर न अक्षर तसंच, आणि फ्लाइट तिकिटावरही तसंच. आणि अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, त्यांच्या सरकारी सुट्ट्या मध्ये आल्या की वेळ लागतो.

पुस्तकात दिलेल्या हॉटेलातच राहायचं का?

नाही. पुस्तकात नाव आलं की तिथे गर्दी वाढते आणि भाव चढतो, हे जगभर होतं. हॉटेलांच्या यादीतून फक्त एरिया उचला. हनोईत पुस्तक सांगतं ओल्ड क्वार्टर, होआन किएम तळ्याच्या वरची बाजू, सायगॉनमध्ये फाम न्गू लाओ रस्त्याच्या आजूबाजूचा भाग. तेवढं कळलं की बुकिंग साइटवर नकाशा उघडून त्याच गल्ल्यांत ताजे रिव्ह्यू बघून खोली शोधा, पहिल्या दोनच रात्री बुक करा आणि पुढच्या तिथे जाऊन (तेत आणि लाँग वीकेंड सोडून हे सहज जमतं). रेस्टॉरंटचंही तसंच, पुस्तकातलं बंद असेल किंवा रांग असेल तर त्याच गल्लीत जिथे स्थानिक लोक प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसलेत तिथे बसा.

ओल्ड क्वार्टरमध्ये एक सकाळ मात्र काहीही न ठरवता फिरा. तिथल्या रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत, चांदीवाल्यांचा हांग बाक, दोरवाल्यांचा हांग गाय (आता तिथे रेशमाची दुकानं आहेत), आपल्याकडे पुण्यात तांबट आळी तशीच. काही रस्त्यांवर तोच धंदा अजून चालतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही, पण नुसतं भाज्या द्या म्हणून भागत नाही. तिथे भाजीतही माशाचा सॉस पडतो आणि फो सूपमध्ये वर टोफू घातला तरी खालचं पाणी हाडांचंच असतं. शब्द लक्षात ठेवायचा तो चाय. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेचं शाकाहारी जेवण असतं, त्याला चाय म्हणतात, आणि फलकावर चाय लिहिलेल्या छोट्या खानावळी जवळपास प्रत्येक शहरात आहेत, हुएमध्ये तर भरपूर. भात, टोफू, मशरूम, भाज्या, पोटभर आणि स्वस्त. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक स्वतःच चाय खातात, त्या दिवशी नेहमीच्या टपऱ्यांवरही मिळून जातं. मी शाकाहारी आहे आणि फिश सॉस चालत नाही ही दोन वाक्यं व्हिएतनामी लिपीत फोनमध्ये सेव्ह करून दाखवा, उच्चार करायला जाऊ नका, त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही चाय खानावळीतच जास्त चान्स आहे, तरी विचारून घ्या.

ट्रेन का स्लीपर बस?

लांब रात्रीला ट्रेन. सॉफ्ट स्लीपर चार बर्थचा डबा, हार्ड स्लीपर सहाचा, आपल्या थ्री टिअरची सवय असलेल्याला काहीच अडचण येत नाही. हुए ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसा करा, हाय व्हान घाटातून समुद्राला लागून गाडी जाते, अडीच-तीन तास खिडकीवरून नजर हटत नाही. होई आनला ना रेल्वे आहे ना विमानतळ, दा नांगला उतरून ३० किलोमीटर रस्त्याने जायचं. ट्रेनच्या वेळापत्रकासाठी आणि कुठला डबा घ्यावा यासाठी सीट सिक्स्टी वन ही साइट पुस्तकापेक्षा ताजी असते. शहरात ग्रॅब ॲप वापरा, भाडं आधीच दिसतं. हनोई विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट ओल्ड क्वार्टरपाशी आणि पुढे रेल्वे स्टेशनपर्यंत जाते.

हा गियांगला बाइक भाड्याने घेऊ का?

स्वतः चालवू नका. घाट अवघड आहेत, आणि तिथे मान्य नसलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. लोकल ड्रायव्हरच्या मागे बसून जाता येतं, त्याला ईझी रायडर म्हणतात, पैसे जास्त लागतात पण हा खर्च वाचवायचा नाही.

पैशांचं काय? पुस्तकातलं रोजचं बजेट खरं मानायचं का?

पुस्तकात बजेट, मध्यम, महाग असे तीन आकडे डॉलरमध्ये असतात. आकडा तसाच घेऊ नका, त्यातलं प्रमाण घ्या, म्हणजे राहण्यावर किती, खाण्यावर किती. आणि ते एका माणसाचं धरलेलं असतं, दोघं एका खोलीत असाल तर राहण्याचा खर्च माणशी निम्मा होतो. पुस्तक तीन वर्षं जुनं असेल तर मी सरळ पंचवीस टक्के वर धरते, उरले तर आनंदच.

हिशोबाला सोपं म्हणजे एक लाख डाँगचे साधारण साडेतीनशे रुपये. शून्यं बघून गोंधळ होतो, आणि २० हजाराची नोट आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळ्या असतात, रात्री टॅक्सीत नीट बघून द्या, पाच लाखाची नोट वेगळ्या कप्प्यातच ठेवा. एटीएम किंवा कार्ड मशीन विचारतं की रुपयांत घेऊ का डाँगमध्ये, नेहमी डाँग निवडा, रुपये निवडले की रेट वाईट लागतो. फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनावरचा जादा चार्ज) नसलेलं कार्ड जायच्या आधी महिनाभर काढून ठेवा.

पॅकेजशी तुलना करताना एक लक्षात ठेवा, परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (टूर कंपनी बिलासोबतच वसूल करते तो टॅक्स) भरावा लागतो, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये क्लेम करता येतो पण तोवर पैसे अडकून राहतात. जाहिरातीतल्या आकड्यात तो धरलेला आहे का ते विचारा.

इतिहासाची पानं वाचायलाच हवीत का?

हो, आणि निघायच्या आधी, कारण तिथे गेल्यावर वेळ होत नाही. सायगॉनचं युद्धाचं म्युझियम किंवा कु चीचे बोगदे काहीच न वाचता बघितले तर नुसते फोटो होतात.

आणि ‘मी सोन’ नावाची जुनी देवळं बघितल्याशिवाय होई आनहून निघू नका. चंपा राजांनी बांधलेली विटांची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, मुख्य देव भद्रेश्वर म्हणजे शंकर, दगडांवर संस्कृत लेख. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत बरीच उद्ध्वस्त झाली. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही देवळांचं जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये ते काम चालू असताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. बहुतेक गाइडबुकं मी सोनला अर्धं पान देतात, आपल्यासाठी ते त्याहून पुष्कळ जास्त आहे. सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन आणि ग्रुप दोन्ही येतात.

एवढं जड पुस्तक घेऊन फिरायचं?

काही लोक लागतील तेवढी पानं फाडून नेतात, मला ते जमत नाही, पुस्तकाला साधा पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण. ई-बुक घ्या, किंवा लागणाऱ्या पानांचे फोटो काढून प्रत्येक शहराचं वेगळं फोल्डर करा. गुगल मॅप्सवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून पुस्तकातली ठिकाणं आधीच पिन करून ठेवा. पैसे अगदीच नसतील तर विकिव्हॉयेज ही साइट फुकट आहे, रचना गाइडबुकसारखीच असते.

युरोपलाही हीच पद्धत चालेल?

रूट आणि सीझनचा भाग तसाच. फरक व्हिसाचा. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) ९० युरो फी, किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स, आणि राहण्याचे बुकिंग अर्जासोबतच दाखवावे लागतात, त्यामुळे तिथे जाऊन बघू असं चालत नाही. सगळी हॉटेलं फ्री कॅन्सलेशनची घ्या, आणि लांबच्या ट्रेनची तिकिटं व्हिसा हातात पडल्या पडल्या काढा, तिथे शेवटच्या दिवशीचं तिकीट विमानापेक्षा महाग पडू शकतं.

आईबाबा साठीच्या पुढचे आहेत, त्यांना घेऊन असं जाऊ का, का सरळ ग्रुप टूरच करू?

रोज भाजी-पोळी हवीच असेल, आणि सगळा निर्णय दुसऱ्याने घ्यावा असं वाटत असेल, तर ग्रुप टूर चांगली, त्यात कमीपणा काही नाही. पण टूरमध्ये साडेसहाला वेक-अप कॉल आणि रोज बॅग भरायची, ते साठीनंतर जास्त त्रासाचं होतं. स्वतः नेणार असाल तर वरच्या रूटमधून हुए काढा, होई आनला चार रात्री करा, रात्रीच्या ट्रेनऐवजी हनोई ते दा नांग विमान घ्या, आणि ट्रेनने जायचंच असेल तर खालचेच बर्थ. हॉटेलला लिफ्ट आहे का ते ईमेल करून विचारा, हनोईच्या जुन्या भागातली घरं अरुंद आणि उंच असतात आणि स्वस्त खोली बहुतेक चौथ्या मजल्यावर निघते.